कचरा कुठे द्यायचा आणि कमी कसा करायचा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नवीन बिऱ्हाड थाटलं की पहिल्या महिन्यातच कचऱ्याचा घोळ सुरू होतो. गाडीवाला एकत्र केलेली पिशवी घेत नाही, भंगारवाला दुधाच्या पिशव्यांना हात लावत नाही, जुना मिक्सर कुणाला द्यायचा ते कळत नाही. पालिकेच्या गाडीवरचा मजकूर बहुतेक कन्नडमध्ये असतो, तो वाचता येत नसेल तर विचारणंही राहून जातं. शेवटी सगळं एका पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवलं जातं आणि रात्रीत कुत्री ती फाडतात.

पुनर्वापर केंद्र कुठे आहे, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं काम त्याच्या आधी घरात, मोरीजवळ होतं. कोरडा कचरा कोरडा राहिला तरच त्याला गिऱ्हाईक मिळतं. आमटीने भिजलेला पुठ्ठा किंवा ताकाचा वास मारणारी पिशवी कुठलंच केंद्र घेत नाही, आणि घेतली तरी मागच्या दाराने ती डेपोतच जाते. आपल्याकडे चार महिने पाऊस धो-धो कोसळतो, त्यामुळे ही गोष्ट दुप्पट खरी आहे.

आधी हे जमवून ठेवा

- झाकणाची एक छोटी बादली (5 ते 7 लिटर), ओल्या कचऱ्यासाठी
- कोरड्यासाठी एक मोठं पोतं. तांदळाचं किंवा साखरेचं रिकामं पोतं उत्तम
- घातक कचऱ्यासाठी झाकणाचा एक पुठ्ठ्याचा खोका, मुलांच्या हाताला लागणार नाही असा
- सॅनिटरी कचऱ्यासाठी जुनी वर्तमानपत्रं आणि लाल मार्कर
- लटकता वजनकाटा
- घरपट्टीची पावती (भाड्याने राहत असाल तर मालकाकडून तिचा फोटो मागून घ्या) आणि हेस्कॉमचं वीजबिल

1. घर कुणाच्या हद्दीत आहे ते आधी बघा

नव्या माणसाची निम्मी धावपळ इथेच वाया जाते. बेळगाव शहरात महानगरपालिकेचे 58 प्रभाग आहेत, पण शहराला लागून असलेल्या बऱ्याच वसाहती महापालिकेत नाहीत. हिंडलगा, कंग्राळी बाजूच्या वस्त्या दिसायला शहरच, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कॅम्पातला काही भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. निपाणीला नगरसभा आहे, खानापूरला पट्टण पंचायत (म्हणजे नगरपंचायत).

घरपट्टीची पावती कुणाच्या नावाने फाटते ते पाहा. कचरा त्याच संस्थेने उचलायचा असतो. घरपट्टीबरोबर घनकचऱ्याचा सेसही वसूल होतो, तेव्हा तुम्ही फुकट काही मागत नाही आहात, हे डोक्यात पक्कं ठेवा.

हद्दीवरच्या घरांचा एक त्रास नेहमीचा: समोरच्या रांगेत महापालिकेची गाडी येते आणि तुमच्या रांगेत येत नाही. तिथे गाडीवाल्याशी भांडून उपयोग नाही, त्याला मार्ग ठरवून दिलेला असतो. ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, भेटा.

2. गाडीची वेळ आणि आरोग्य निरीक्षक

शेजाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: गाडी किती वाजता येते, कोरडा कचरा रोज घेतात की ठरावीक वारी, आणि या भागाचे आरोग्य निरीक्षक कोण. तिसरं उत्तर शेजाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. ते प्रभागाच्या कार्यालयात मिळतं, किंवा सकाळी झाडणाऱ्या पौरकार्मिकांना विचारलं तर लगेच कळतं. या लोकांशी रोजची ओळख ठेवा. कुठली गाडी कुठे जाते, कोरड्याची छाननी कुठे होते, याची पक्की माहिती त्यांच्याकडेच असते.

कन्नडमधले चार शब्द पुरतात. हसी कस म्हणजे ओला कचरा, ओण कस म्हणजे कोरडा, अपायकारी कस म्हणजे घातक, आणि गुजरी म्हणजे भंगार. नकाशाच्या ॲपवर 'भंगार' टाकून काही सापडलं नाही तर 'गुजरी' टाकून बघा. बऱ्याच दुकानांची नोंद त्याच नावाने असते.

ग्रामपंचायतीत राहत असाल तर 'स्वच्छ संकीर्ण' कुठे आहे ते विचारा. कर्नाटकात गावपातळीवर सुका कचरा गोळा करून छाननी करण्याच्या शेडचं हे नाव आहे. बऱ्याच ठिकाणी ही शेड महिलांचे स्वयंसहाय्य गट चालवतात आणि त्यांची 'स्वच्छ वाहिनी' नावाची गाडी गावात फिरते. पीडीओंना विचारताना 'कचरा केंद्र' म्हणू नका, नेमकं हेच नाव घ्या. मग उत्तर लगेच मिळतं. शेड बांधलेली आहे पण कुलूपबंद आहे, असंही आढळतं. म्हणून पोतं उचलून नेण्याआधी उघडायचा दिवस विचारून घ्या.

3. घरात चार जागा करा

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 आल्यापासून घरातच वर्गीकरण करणं बंधनकारक आहे. ओला, कोरडा आणि घातक वेगवेगळा, आणि सॅनिटरी कचराही वेगळा गुंडाळून. म्हणजे घरात चार जागा हव्यात.

ओल्याची बादली ओट्याजवळ ठेवा. कोरड्याचं पोतं तिच्याशेजारी ठेवू नका, गॅलरीत किंवा जिन्याखाली ठेवा. दोन्ही शेजारी असली की घाईत हात जवळच्या भांड्याकडे जातो आणि आठवड्यात सगळं एकत्र होतं. ओल्याच्या बादलीत प्लास्टिकची पिशवी घालू नका, तळाला वर्तमानपत्राची घडी पुरे.

4. कोरड्यात काय जातं, काय जात नाही

सहज विकलं जाणारं: वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठा, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, शांपू-फिनेलच्या जाड बाटल्या, लोखंड, पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ.

कमी भावाने किंवा फुकट जाणारं: दुधाच्या पिशव्या, प्लास्टिकचे डबे, काच. काच जड असते, भाव नगण्य आणि फुटली की हमालाचा हात कापतो, म्हणून भंगारवाले तोंड फिरवतात. दारूच्या आणि सरबताच्या अखंड बाटल्या मात्र नगावर जातात.

कुणीच विकत न घेणारं: कुरकुरे-बिस्किटांचे चकचकीत वेष्टन, थर्माकोल, फळांच्या रसाचे खोके, दुकानाची गुळगुळीत बिलं, लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका, तेलकट खोके. चकचकीत वेष्टनात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, आणि तोही कोरडा असेल तरच. पालिकेच्या गाडीत कोरडा म्हणून द्यायचा तो हाच.

दुधाच्या पिशवीकडे जरा जवळून बघा. नंदिनी असो की गोकुळ, कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच छाननीत सापडत नाही आणि थेट गटारात जातो. दूध ओतून झालं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते कुंडीत टाका, पिशवी उलटी करून तारेवर वाळवा आणि मगच पोत्यात घाला. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते आणि पोत्यातल्या कागदालाही वास लावते.

आता वजनाचा हिशोब. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण तीन ग्रॅमची. रोज दोन पिशव्या आणणाऱ्या घरात किलोभर जमायला पाच-साडेपाच महिने लागतात. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्याही किलोला चाळीस-पन्नास बसतात. म्हणूनच एकट्या घराचा माल घ्यायला भंगारवाला नाखूष असतो. चार-पाच घरांनी एकत्र पोतं भरलं की तोच माणूस दारात येतो. बाटल्या चेपून, झाकण परत लावून भरा, पोत्यात दुप्पट मावतात.

पावसाळ्यात पुठ्ठा आणि रद्दी जमिनीवर ठेवू नका. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी साठलेलं सगळं विकून मोकळं व्हा. पुढे हवेतला ओलावाच एवढा असतो की गठ्ठे आतून बुरशी धरतात आणि ओल्या रद्दीचा भाव पडतो.

5. भंगारवाला नीट निवडा

गावात दोन प्रकार असतात. एक सायकल किंवा हातगाडीवरून गल्लीत फिरणारा, दुसरा गोदामवाला. पाच-दहा किलोसाठी फिरता माणूस बरा, त्याचं पोटही त्यावरच असतं. पोती भरून असतील तर गोदामात न्या. बेळगावात उद्यमबाग, ऑटोनगर या कारखानदारीच्या भागांत आणि जुन्या पेठांच्या कडेला अशी गोदामं मिळतात. फाउंड्र्यांमुळे या शहरात लोखंडाच्या भंगाराला गिऱ्हाईक चांगलं आहे.

जाण्याआधी घरी वजन करा. भाव किलोवर विचारा आणि प्रत्येक जिनसेचा वेगळा विचारा. 'सगळ्याचे मिळून इतके' असा सौदा केला की पुठ्ठ्याच्या भावात ॲल्युमिनियम जातं. लोखंड आहे की नाही याची खात्री लोहचुंबकाने करा. चिकटलं नाही तर ते ॲल्युमिनियम, पितळ, तांबं किंवा स्टील असू शकतं, आणि चारही लोखंडाच्या भावात द्यायचे नाहीत.

एक गोष्ट सोडू नका: भंगारवाला न विकला जाणारा माल पुढे काय करतो ते विचारा. गोदामाच्या मागे वायरी जाळून तांबं काढत असतील, काळा धूर आणि जळक्या रबराचा वास येत असेल, तर तिथे वायरी आणि इलेक्ट्रॉनिक माल अजिबात देऊ नका. तो धूर आजूबाजूच्या घरांत जातो.

जुने कपडे या यादीत बसत नाहीत. धड असतील तर वाटा किंवा भांडीवालीला द्या. फाटलेल्या सुती साड्या आणि धोतरांच्या वाकळा शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्यांना कापड हवंच असतं.

6. मोबाईल, मिक्सर, बॅटरी, ट्यूबलाईट

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार जुनी उपकरणं नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. म्हणून क्रम असा ठेवा:

पहिलं, नवीन वस्तू घेताना दुकानात जुनी परत घेतात का ते विचारा. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या बाबतीत बहुतेक वेळा घेतात. इन्व्हर्टर किंवा गाडीची बॅटरी तर दुकानदार पैसे वजा करून घेतोच, कारण आतल्या शिशाला भाव असतो. ती भंगारात देऊ नका. फोडताना आम्ल जमिनीत ओततात.

दुसरं, कंपनीच्या वेबसाइटवर जुनी वस्तू परत घेण्याची केंद्रं किंवा विनंतीचा अर्ज असतो, तो भरा.

तिसरं, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत परवानगी असलेले ई-कचरा व्यावसायिक बघा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय बेळगावात आहे. यादीत नाव असलं तरी परवान्याची मुदत कधीपर्यंत आहे ते तपासा. निपाणीकरांनी महाराष्ट्राची यादीही पाहावी. कोल्हापूर त्यांना बेळगावपेक्षा जवळ आहे आणि नोंदणीकृत केंद्र दुसऱ्या राज्यातलं असलं तरी घरगुती वस्तू तिथे देता येते.

माल देताना वस्तूंची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर सही-शिक्का घ्या. मोबाईल द्यायच्या आधी खात्यातून लॉग आउट व्हा, फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. नुसतं रीसेट करून खातं चालू ठेवलं तर फोन लॉक राहतो आणि पुढे दुरुस्त करून वापरता येत नाही.

फुगलेली मोबाईल बॅटरी हा वेगळा धोका आहे. ती टोचू नका, दाबू नका, उन्हात ठेवू नका. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला द्या. अशा बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की गाडी पेट घेते, आणि गाडीवर माणसं उभी असतात.

जुन्या पद्धतीच्या (एलईडी नसलेल्या) ट्यूबलाईटमध्ये आणि सीएफएल दिव्यात पारा असतो. नवा दिवा आणलेल्या खोक्यात जुना घालून अखंड ठेवा. फुटलाच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू मारू नका. पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. झाडूने पारा पसरतो आणि झाडूतच राहतो.

7. सॅनिटरी आणि घातक कचरा

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल मार्करने ठळक ठिपका करा आणि गाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या. ठिपका नसलेलं पुडकं छाननी करणारी बाई हाताने उघडते. एवढं एक चिन्ह तिचा हात वाचवतं. हे पुडकं शौचालयात टाकलं तर पाइप तुंबतो आणि उघड्यावर जाळलं तर विषारी धूर होतो.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर 'सुया' असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, झुरळांचे स्प्रे हे सगळं घातकाच्या खोक्यात. हा खोका महिन्यातून एकदा, आधी आरोग्य निरीक्षकांना विचारून, गाडीत वेगळा द्या. स्प्रेचा डबा कधीही टोचू नका.

शेतघरात औषधाच्या बाटल्या विहिरीच्या कडेला पडलेल्या सर्रास दिसतात. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही.

8. ओला कचरा घरातच जिरवा

चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो, आणि वजनात तोच सगळ्यात जड. तो घरातच थांबला तर बाहेर देण्यासारखं फार थोडं उरतं. बेळगावचा कचरा तुरमुरीला जातो. मिसळलेला ओला कचरा तिथे कुजतो, त्यातून काळं पाणी सुटतं आणि त्याचा जाच त्या गावाला सोसावा लागतो.

*साहित्य.* झाकणाचे दोन ड्रम, प्रत्येकी 50 लिटरचे. बाजूने दर चार-पाच इंचांवर 6 ते 8 मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला आठ-दहा. ड्रम दोन विटांवर ठेवा आणि खाली परात ठेवा. भोकांना बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा लावला की चिलटं कमी होतात.

*कोरडा थर.* वाळलेला पाला, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट बारीक करून. येळ्ळूर, कडोली बाजूला गिरणीत तूस मिळतं, चिकोडी-निपाणीकडे पाचट. नुसतं तूस वापरू नका, ते फार सावकाश कुजतं. निम्मा पाला आणि निम्मं तूस हे मिश्रण चांगलं. भुसा सॉ-मिलमधला घ्या, प्लायवूड कापणाऱ्याचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. निपाणीत तंबाखूचं बुसकट मुबलक मिळतं, पण गांडुळं सोडलेल्या ड्रमात ते घालू नका, निकोटिनने गांडुळं मरतात.

*रोजचं काम.* तळाला चार इंच कोरडा थर. त्यावर दिवसाचा ओला कचरा, तुकडे करून. त्यावर तितक्याच आकारमानाचा कोरडा थर. ओलं अजिबात दिसता कामा नये. सुरुवातीला एक ओंजळ शेण किंवा वाटीभर आंबट ताक घाला. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत ढवळा. पहिला ड्रम पाच-सहा आठवड्यांत भरतो, मग तो झाकून दुसरा सुरू करा. उन्हाळ्यात दोन ते अडीच महिन्यांत खत तयार होतं, पावसाळ्यात तीन ते चार महिने धरा.

*ओलावा.* मूठभर माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर कोरडं घाला आणि झाकण दुपारभर उघडं ठेवा. मूठ उघडताच सगळं भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा.

*काय बिघडतं आणि का.* सडका किंवा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालं आहे आणि हवा कमी पडते आहे. ढवळून पाल्याचा जाड थर द्या. मुंग्या झाल्या तर माल कोरडा पडला आहे. पांढरी बुरशी आली तर काम नीट चाललं आहे. जाड, करड्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून ड्रम फेकून देतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, माणसाला काही करत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. घुशी-उंदीर येत असतील तर मटणाची हाडं, माशांचे काटे, तेलकट भाजी ड्रममध्ये जाते आहे. हे जिन्नस परसात दीड फूट खोल पुरा. परस नसेल तर गाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या.

*पावसाळा.* इथली खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. एप्रिल-मे महिन्यातच पाला आणि तूस मिळून किमान तीन मोठी पोती भरून छपराखाली ठेवा. पाऊस लागल्यावर कोरडा पाला कुठेही मिळत नाही आणि बहुतेक घरांचं खत नेमकं तिथेच फसतं. ड्रम पागोळ्यांपासून हात-दीड हात आत ठेवा. पावसाळ्यात ओलं जेवढं, त्याच्या दीडपट कोरडं घाला आणि ढवळणं आठवड्यातून तीनदा करा. फळांची सालं घालण्याआधी रात्रभर टोपलीत निथळू द्या.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पुस्तकात लिहिलेला खताचा खड्डा खणू नका. एवढ्या पावसात तो विहिरीसारखा भरतो. तिथे जमिनीच्या वर, विटांच्या चौथऱ्यावर, जाळीच्या भिंती आणि वर पत्रा असा ढीग करा. गुरं असतील तर ओला कचरा शेणाबरोबर गोबर गॅसमध्ये घालणं सगळ्यात सोपं.

तयार खत काळपट, मोकळं आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं असतं. 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, वर उरलेला जाडाभरडा माल पुढच्या ड्रमात विरजण म्हणून टाका. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती.

9. मुळात घरात येणारं कमी करा

कर्नाटकात प्लास्टिकच्या कॅरी बॅगा, ताटं, पेले, चमचे, फ्लेक्स, थर्माकोल यांच्यावर मार्च 2016 पासून बंदी आहे. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी बाजारात पिशवी मिळतेच, म्हणून नाही म्हणायचं काम आपलं.

गाडीच्या डिकीत दोन कापडी पिशव्या आणि एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा कायम ठेवा. डबा मासे-मटणासाठी. रक्ताळलेली प्लास्टिकची पिशवी धुतली जात नाही आणि गाडीतही कुणी घेत नाही. दुकानदार कापडी म्हणून देतात ती पिशवी नीट बघा. अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असेल आणि फाडल्यावर उभा-आडवा धागा निघत नसेल तर ते प्लास्टिकच आहे. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, तो खतात टाकू नका. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या घरच्या ड्रमात कुजत नाहीत, त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते.

लग्नकार्य, बारसं असेल तर भाड्याने स्टीलची ताटं घ्या. धुणावळीचा खर्च आधीच धरा. ते शक्य नसेल तर पानांच्या पत्रावळी घ्या, पण खाली चकचकीत अस्तर नाही हे हाताने तपासून.

गणपतीत शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करा, माती दोन दिवसांत विरघळते आणि बागेत जाते. निर्माल्यातले दोरे, प्लास्टिकची फुलं, जरीचे तुकडे काढून फुलं आणि दूर्वा ड्रमात टाका. मखर थर्माकोलचं नको. दुसऱ्या दिवशी ते नाल्यातच दिसतं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव शिवारातली भाताची शेतं पाण्याखाली जातात, आणि नाला तुंबायला असाच माल कारण होतो.

कचरा जाळू नका, वाळलेला पालाही नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2016 च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. तो पाला पावसाळ्यात तुम्हालाच हवा असतो.

10. गाडी आलीच नाही तर

एक-दोन दिवस चुकले तर थांबा, गाड्या बंद पडतात. तीन दिवस आली नाही तर आरोग्य निरीक्षकांना फोन करा. त्याने झालं नाही तर लेखी अर्ज द्या. शहरात महापालिका आयुक्तांच्या नावे, नगरसभेत पौरायुक्तांच्या नावे, पट्टण पंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, गावात पीडीओंच्या नावे.

अर्जात घर क्रमांक, गल्ली, ओळखीची खूण, गाडी कुठल्या तारखांना आली नाही, आणि वर्गीकरण केलेल्या कचऱ्याचा तारखेसह फोटो द्या. घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स जोडा. अर्ज मराठीत लिहिला तरी विषयाची ओळ कन्नडमध्येही घालून घ्या, कारकुनाच्या टेबलावरून कागद लवकर पुढे सरकतो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाच-सहा घरांच्या सह्या असतील तर गल्लीतून गाडीचा मार्गच बदलून मागता येतो. कोरडा आणि ओला वेगळा दिला तरी गाडीत एकत्र ओतत असतील तर त्याचाही फोटो काढा, पण चालकावर आवाज चढवू नका. गाडीला आतून पार्टिशन आहे का ते बघा आणि नसेल तर अर्जात तेच मागा.